ओम्नीचा कॅम नेमका कुठे अडत होता

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सतरा दिवस राहिले होते आणि आमच्या ओम्नीच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, शेवटचं बोटभर आत जायला तयार नव्हता. बाकी सगळा सुळकन गेला, तेल लावून डिस्ट्रिब्युटरच्या बाजूने ढकलत नेला तसा एकेक बोअर, म्हणजे हेडमधलं गोल भोक, ओलांडत गेला, आणि चारही जर्नल, म्हणजे शाफ्टचे त्या भोकांत बसणारे गोल भाग, आपापल्या बोअरमध्ये शिरायची वेळ आली तिथे अडला. तळहाताने दाब दिला तर बसला, पण मग हाताने फिरेना. पुलीचा बोल्ट लावून पान्याने फिरवला तर फिरत होता, पण घट्ट, गोठलेल्या तुपात डाव फिरवावा तसा. नुसत्या हेडमध्ये, रॉकर नाही, व्हॉल्व्ह नाही, स्प्रिंग नाही, ऑइल सीलसुद्धा नाही, अशा वेळी हा शाफ्ट दोन बोटांनी फिरायला हवा.

गाडी म्हणजे बाबांनी १९९८ साली घेतलेली ओम्नी, कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मारुती ८०० ला होतं तेच इंजिन, फक्त ओम्नीत ते पुढच्या सीटखाली बसतं. आमच्या घरचा गणपती दरवर्षी याच गाडीतून आला, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान यातूनच आलं, आजीला शेवटचं बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं तेसुद्धा यातूनच. त्यामुळे इंजिन गेलं तेव्हा काहींनी भंगारात द्या म्हणून सांगितलं तरी घरात तो विषय कुणी बोललंच नाही, बाबांनी एवढंच म्हटलं, "चवथीक गाडी जाय रे", चवथीला गाडी पाहिजे, आणि मी हो म्हटलं.

इंजिन गेलं ते चोर्ला घाटात. मे महिना, दुपारची वेळ, केरी सोडून चढ लागला, गाडीत पाच माणसं आणि बेळगावला लग्नाला न्यायचं सामान. वळणावर गोडसर वास आला, कूलंट तापल्यावर येतो तो, तापमानाचा काटा वर गेलेला, आणि थांबायला धड जागा नाही, मोबाइलला रेंज नाही, म्हणून मी पुढे बरी जागा मिळेल या आशेवर गाडी आणखी दोन-अडीच किलोमीटर रेटली. रेडिएटरचा वरचा होज क्लॅम्पपाशी फाटला होता. ते दोन-अडीच किलोमीटर मला चार महिने पुरले.

यात होतं काय, तर या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. फूटभर लांबीचा तुकडा १०० अंशांनी तापला तर ॲल्युमिनियम साधारण ०.७ मिलिमीटर वाढतं, बीड त्याच्या निम्मंच. पाणी फिरत असतं तोवर हेड तेवढं तापतच नाही, पण पाणी गेलं की हेडचा मधला भाग सगळ्यात जास्त तापतो, लांब व्हायला बघतो, खाली ब्लॉक आणि बोल्ट त्याला सोडत नाहीत, मग त्याला जायला एकच वाट राहते, वरच्या बाजूला. मध्ये पोट वर काढल्यासारखं हेड वाकतं आणि थंड झाल्यावरही तसंच राहतं. हेड आणि ब्लॉक यांच्यामधली गॅसकेट फुटते ती त्यामुळे.

मी दिवसा कुंडईला एका कारखान्यात टूल रूममध्ये काम करतो, त्यामुळे मोजायची हत्यारं हाताशी आणि मोजायची सवयही. पावसाळ्याच्या तोंडावर साखळीला घराच्या मागच्या पत्र्याखाली इंजिन उतरवलं. हेड काढलं तसं सरळपट्टी लावून फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, बघितलं, मध्ये ०.१८ मिलिमीटरची पट्टी आरपार जात होती, आणि सुझुकीच्या मोजमापात या हेडला ०.०५ च्या पुढे चालत नाही. वहीत लिहून ठेवलं. रिंगा, बिग एंडची बेअरिंग, ऑइल पंप हे सगळं रीतसर झालं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही, सुटे भाग म्हापशाला मिळाले. हेड एका मशीन शॉपवर नेऊन दिलं आणि सांगितलं फेस मारून द्या, म्हणजे तळ मशीनवर कापून सपाट करून. त्याने मारून दिला, आणि काम स्वच्छ केलं होतं, आणल्यावर मी पुन्हा पट्टी लावली तर ०.०२ सुद्धा जाईना. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. सांगण्यात चूक माझी होती, पण ते कळायला कॅम अडावा लागला.

तर कॅम. या हेडमध्ये कॅमला वरून कॅप नाहीत, बेअरिंगचे शेल नाहीत, ॲल्युमिनियममध्येच चार गोल बोअर एका रेषेत केलेले आणि त्यात शाफ्ट तेलाच्या थरावर फिरतो. जर्नल पुलीकडून डिस्ट्रिब्युटरकडे थोडे थोडे जाड होत जातात, म्हणून शाफ्ट मागून घालता येतो. आणि म्हणूनच तो अर्ध्या वाटेत मोकळा वाटतो, चौघे एकदम आपल्या जागी आले की मगच खरी परीक्षा. नव्या हेडला जर्नल आणि बोअर यांच्यात साधारण ०.०५ ते ०.०९ ची फट असते, झिजून ०.१५ च्या पुढे गेली की शाफ्ट बदला, लागलं तर हेडही, असं मॅन्युअल सांगतं. म्हणजे सगळा खेळ केसाच्या जाडीचा.

पहिल्या दिवशी मी नेहमीचे संशयित बघितले. फेस मारताना उडालेला चुरा तेलाच्या भोकात अडकला असेल म्हणून हेड परत डिझेलने धुतलं, ब्रश घातला, हवा मारली. बोअरच्या कडेला कुठे ओरखडा वर उठलाय का ते नखाने चाचपलं, एका कडेला बारीक धार लागली ती स्क्रॅपरने काढली. तरी तेच. तेल बदलून बघितलं, तेच. पुलीच्या टोकाला खडूने खूण करून पूर्ण फेरा फिरवला, कुठे जास्त घट्ट कुठे सैल असं होतं का बघायला, तर सगळीकडे सारखाच घट्ट.

रात्री शाफ्ट बाहेर काढून ठेवला तर सकाळी लोबवर, म्हणजे शाफ्टच्या उंचवट्यांवर, तांबूस गंज, पावसाळ्यात आपल्याकडे लोखंड एक रात्र उघडं ठेवायची सोय नाही. तेल चोळून फडक्यात गुंडाळून कामावर घेऊन गेलो आणि जेवणाच्या सुट्टीत सरफेस प्लेटवर व्ही ब्लॉकमध्ये ठेवून मधल्या जर्नलवर डायल गेज लावला. काटा ०.०२ हलला. मर्यादा ०.१० ची आहे. शाफ्ट सरळ. मायक्रोमीटरने चारही जर्नल मोजले, तेही मापात. म्हणजे शाफ्टला दोष देता येत नव्हता, आणि मला मनातून तोच दोषी निघायला हवा होता, कारण शाफ्ट बदलणं सोपं.

संध्याकाळी येताना टूल रूममधली प्रशियन ब्लूची, म्हणजे कुठे घासतं ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाची, ट्यूब मागून आणली. ही तपासणी जरा सावकाश सांगतो कारण सगळा उलगडा हिनेच झाला. जर्नलवर ब्लू अगदी पातळ चोळायचा, बोटाने चोळून मग चिंधीने जवळजवळ पुसून काढायचा, नुसती निळी झाक राहिली पाहिजे. शाफ्ट बसवायचा, दोन फेरे द्यायचे, सावकाश बाहेर काढायचा. आता शाफ्ट वाकडा असेल तर जर्नलच्या एकाच बाजूचा रंग जातो, कारण फुगीर बाजू शाफ्टबरोबर फिरते आणि बोअरला गोल सगळीकडे घासते. बोअर वाकडे असतील तर उलटं, जर्नलचा रंग गोल सगळीकडून जातो आणि बोअरमध्ये डाग एकाच जागी पडतो, कारण ती जागा हलत नाही. माझ्या शाफ्टवरचा रंग सगळीकडून गेला होता. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बोअरमध्ये बघितलं. पहिल्या आणि चौथ्या बोअरमध्ये निळा डाग वरच्या बाजूला, दुसऱ्या आणि तिसऱ्यात खालच्या बाजूला. अगदी स्पष्ट, अंगठ्याएवढे डाग. मी तीनदा पुसून तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

हे समोर दिसत असूनही मला अर्थ लागायला दुसरा दिवस उजाडला, आणि तोही मी लावला नाही, मेस्तकाकांनी लावला. गावात त्यांना सगळे मेस्तच म्हणतात. खाणीवरच्या टिपरच्या वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली, २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसले, आता वय झालं, पण कुणाचं इंजिन उघडलेलं कळलं की छत्री घेऊन येतात. आले, चहा घेतला, ब्लूचे डाग बघितले, काही बोलले नाहीत. माझी सरळपट्टी उचलली आणि हेड उलटं न करता वरच्या तोंडावर, जिथे व्हॉल्व्ह कव्हर बसतं तिथे, लांबीत ठेवली. एका टोकाला बोट लावलं. पट्टी डुलली. दुसऱ्या टोकाला लावलं, तिकडे डुलली. पाळण्यासारखी. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शाफ्ट बरो आसा. हेड वांकडें जालां."

मी म्हटलं फेस तर मारलाय. ते म्हणाले तळ मारलास, पाठीचं काय.

पट्टी मधोमध तोलून धरली तर दोन्ही टोकांखाली ०.१५ ची फिलर जात होती. म्हणजे हेड अजून वाकलेलंच होतं. मशीनवर फक्त खालचा भाग सपाट झाला, टोकांकडचं जास्त धातू गेलं, मधलं जेमतेम, आणि वर कॅमचे बोअर होते तसेच कमानीत राहिले. मधले दोन वर, कडेचे दोन खाली. सरळ शाफ्ट त्या कमानीत घातला की तो मधल्या बोअरच्या तळाला टेकणार आणि कडेच्या बोअरच्या छताला, म्हणजे निळे डाग जिथे होते बरोबर तिथे. फट ०.०५ ते ०.०९ ची आणि कमान ०.१५ ची, अडणारच.

आणि मग मला जूनमधली गोष्ट आठवली आणि खूप वाईट वाटलं. हेड ब्लॉकवर असताना मी टायमिंग बेल्ट काढून कॅम हाताने फिरवला होता तेव्हा तो नीट फिरला होता, व्हॉल्व्हच्या स्प्रिंग जाणवत होत्या तेवढंच. हेड काढून टेबलावर घेतल्यावर मात्र शाफ्ट बाहेर काढताना चिकटला, लाकडाचा ठोकळा लावून ठोकून काढावा लागला. मला वाटलं जुनं तेल जळून चिकटलंय. खरं कारण असं की ब्लॉकवर होतं तोवर हेडचे बोल्ट वाकलेल्या हेडला ओढून सरळ धरत होते, त्याबरोबर बोअरही सरळ. बोल्ट सुटले, हेड आपल्या वाकडेपणावर गेलं. फेस मारायच्या आधी ते परत ब्लॉकवर कसलं असतं तर कॅम फिरला असता. फेस मारल्यावर तळ सपाट झाला, आता बोल्टला ओढायला काही राहिलंच नाही, वाकडेपणा कायमचा कोरला गेला. खात्री करायला जुनी गॅसकेट घालून हेड ब्लॉकवर कसून बघितलं, कॅम तसाच घट्ट.

त्या दोन दिवसांत सल्ले बरेच मिळाले. एकाने सांगितलं व्हॉल्व्ह घासायची पेस्ट बोअरमध्ये लावून कॅम फिरवत बस, आपोआप जागा करेल. दुसऱ्याने सांगितलं एमरी मारून जर्नल बारीक कर. तिसरा म्हणाला बसव आणि चालू कर, गरम झाल्यावर सेट होतो. हे तिन्ही करू नका, कळकळीने सांगतो. पेस्टमधले कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात, कितीही धुतलं तरी निघत नाहीत, आणि मग तो बोअरच जन्मभर शाफ्टला घासत राहतो. जर्नल बारीक केला तर अडतो तिथे मोकळं होईल पण दुसऱ्या बाजूला फट वाढेल, तेलाचा दाब तिथून गळून जाईल. आणि घट्ट कॅम तसाच चालवला तर तेलाचा थर टिकत नाही, ॲल्युमिनियम शाफ्टला चिकटून सोलतं, बेल्ट आधी जातो की हेड एवढाच प्रश्न.

वाटा दोनच, दुसरं हेड आणायचं किंवा आहे ते सरळ करायचं. भंगारातली दोन हेडं बघून आलो, एकाच्या पाण्याच्या वाटा पार खाल्लेल्या, दुसऱ्याला दोन व्हॉल्व्हच्या मध्ये चीर. मेस्तकाकांनी त्यांच्या जुन्या ओळखीतून बेळगावला उद्यमबागेतल्या एका माणसाशी बोलून दिलं, तिथे भट्टीत हेड सरळ करून देतात. शनिवारी पहाटे हेड गोणपाटात गुंडाळून बसने निघालो, घाटात धुकं एवढं की ड्रायव्हर हॉर्न वाजवत चालवत होता, माझी गाडी जिथे बंद पडली ते वळण कधी गेलं कळलंसुद्धा नाही.

तिथली पद्धत मी उभा राहून बघितली. दोन इंच जाडीची लोखंडी प्लेट, तिच्यावर हेड ठेवलं, दोन्ही टोकांखाली पातळ पत्र्याच्या शिम सरकवल्या आणि मधले बोल्ट हळूहळू कसून पोट खाली ओढलं, सरळच्या किंचित पलीकडे. सरळपट्टी आता तळाला नाही, वरच्या तोंडाला लावत होता तो माणूस, दर पाव फेऱ्याला. मग प्लेटसकट भट्टीत, २०० अंशांच्या थोडं वर, काही तास. त्याच्यापुढे नेत नाहीत कारण फार तापलं तर ॲल्युमिनियम मऊ पडतं आणि व्हॉल्व्हच्या सीट सैल होऊन निसटायची भीती. नंतर भट्टी बंद करून रात्रभर आतच निववायचं, घाई करून बाहेर काढलं तर पुन्हा वाकतं. मी तिथे मावशीकडे राहिलो, झोप लागली नाही.

रविवारी बोल्ट सोडले आणि वर पट्टी लावली, ०.०३. शाफ्ट मी बरोबर नेला होता. तेल लावलं, घातला, शेवटचं बोटभर अंतर आलं, आणि तो स्वतःच्या वजनाने सरकून जागेवर बसला. दोन बोटांनी फिरवला. सोडल्यावर आणखी थोडा फिरून थांबला. तो माणूस हसला, मी काही बोलू शकलो नाही.

आता तळ मात्र उलटा झाला होता, मध्ये फुगीर, कारण पहिल्या वेळी टोकांचं धातू गेलेलं. पुन्हा फेस मारायला लागला, आणि या वेळी बघत उभा होतो, कटर टोकांना लागलाच नाही जवळजवळ, मध्येच चकचकीत पट्टा उमटत गेला. म्हणजे दोन्ही मिळून सगळीकडून जेमतेम ०.२ गेलं. कॉम्प्रेशन किंचित वाढेल, चालण्यासारखं आहे. सीट हलल्या नव्हत्या, तरी व्हॉल्व्ह परत लॅप केले, म्हणजे सीटवर घासून बसवले, आणि रॉकेल ओतून गळतं का बघितलं.

बसवताना हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून कडेकडे, तीन टप्प्यांत कसले, आणि प्रत्येक टप्प्यानंतर कॅम हाताने फिरवून बघितला, रॉकर चढवायच्या आधी. तिन्ही वेळा मोकळा. मेस्तकाका खुर्ची टाकून बसले होते, शेवटच्या टप्प्यानंतर उठून त्यांनी स्वतः एकदा फिरवला आणि छत्री घेऊन निघून गेले.

चवथीच्या चार दिवस आधी इंजिन चालू झालं. चवथीच्या आदल्या दिवशी साखळीच्या बाजारातून माटोळीचं सगळं आणलं, नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगण, मागची सीट काढून भरलेलं, बाबा शेजारी बसून पूर्ण वाटभर काट्याकडे बघत होते, काटा मध्यावर. चोर्ल्याला अजून नेली नाही. पाऊस ओसरला की नेणार, होज सगळे नवे घातलेत, क्लॅम्पही, आणि वहीच्या त्या पानावर ०.१८ च्या खाली आता दुसरा आकडा लिहून ठेवलाय, वरच्या तोंडाचा, ०.०३.